फोन बदलण्याआधी या दोन सेटिंग बघा

छोट्या स्क्रीनवर अ‍ॅप चालतच नाहीत, सरळ मोठा फोन घ्या, असं या धाग्यात वर दोघातिघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही.

आमचे आप्पा रावेरला केळीच्या बागेत असतात. फोन पाच इंची. बंडीच्या खिशात मावतो आणि ओल्या हातानेही घट्ट धरता येतो, म्हणून त्यांना तोच हवा. अडचण बँकेच्या अ‍ॅपची होती. ओटीपी टाकला की ‘पुढे जा’ हे बटण कीबोर्डखाली गडप. बिचारे दोनदा ओटीपीची वेळ संपेपर्यंत बोटाने स्क्रीन वर ढकलत बसले होते.

मी बघितलं तर नीट दिसावं म्हणून कुणीतरी अक्षर आणि डिस्प्ले साइझ (म्हणजे बटणांसकट स्क्रीनवरच्या सगळ्याच गोष्टींचा आकार) दोन्ही सगळ्यात मोठं करून ठेवलेलं. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, या दोन्ही सेटिंग वेगवेगळ्या आहेत. अक्षर मोठंच ठेवलं, डिस्प्ले साइझ दोन घर खाली आणली. बटण दिसू लागलं. तरीही झाकलं गेलंच तर बॅक दाबायचं, फक्त कीबोर्ड खाली जातो, भरलेलं पुसलं जात नाही. ही भीती आप्पांना फार होती.

खरा दोष अ‍ॅप बनवणाऱ्यांचा. बटण निदान ४८ डीपी (अँड्रॉइडवर आकार मोजायचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर असावं, असं गूगलच सांगतं. शेतात काम करून राठ झालेल्या बोटाने त्याहून बारीक बटण नीट दाबताच येत नाही हो!

धाग्यात ज्यांच्या वडिलांचा फोन अडलाय, त्यांनी आधी डिस्प्ले साइझ किती आहे ते इथे सांगा.