गुन्हा दाखल झाला म्हणजे सरकारी नोकरी गेलीच का?

कायदेकानू: भरतीच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, ‘एकदा गुन्हा दाखल झाला की सरकारी नोकरी विसरा.’ पोरांना कशाला घाबरवता? नोकरीच्या अर्जात गुन्हा लपवण्यावरचा सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग निकाल (२०१६) वाचा. किरकोळ गुन्हा लपवला असला तरी त्याकडे दुर्लक्ष करायची मुभा खात्याला आहे. दोषी ठरूनही शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर (प्रोबेशनवर) सुटलेल्याला १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ आहेच, अपात्रता लागत नाही.

रोखठोक: पुढचं सोयीस्कर गाळलंत. खरं लिहिलं तरी नेमणूक द्यायची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. कलम १२ नं शिक्षेमुळे येणारी अपात्रता जाते, दोष पुसला जात नाही. सुप्रीम कोर्टाचा बक्षी राम निकाल (१९९०) बघा. पोलीस म्हणून हातात बंदूक द्यायची आणि संशयाचा फायदा मिळून सुटलाय की निर्विवाद, हे बघायचंच नाही?

कायदेकानू: साक्षीदार फितूर झाले म्हणून संशयाचा फायदा मिळाला, यात आरोपीचा काय दोष?

तालुका_कोर्ट: निकाल फेकणं पुरे. पोरं अडकतात जुगाराच्या केसमध्ये. ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो’ असा सल्ला कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. कबुलीवर दंड झाला म्हणजे दोषसिद्धी झाली. पोरगा ‘केस मिटली’ समजून साक्षांकन नमुन्यात (नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) गुन्ह्याच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितो, चारित्र्य पडताळणीत ते बाहेर येतं आणि दंडापेक्षा लपवाछपवी जड जाते.

रोखठोक: मग लॉकडाऊनमधले कलम १८८ चे (सरकारी आदेश मोडल्याचे) गुन्हे पण माफ करा!

तालुका_कोर्ट: सरकारनं खटले मागे घ्यायची घोषणा केली म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलानं खटला मागे घ्यायचा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ चा अर्ज द्यायचा (नव्या संहितेत, बीएनएसएसमध्ये, ३६०), कोर्टानं परवानगी द्यायची. त्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा, एक पोलीस ठाण्यात द्या, एक नमुन्याला जोडा. बातमीचं कात्रण चालत नाही. ‘ब’ समरीचंही (तक्रार खोटी असल्याचा पोलिसांचा अहवाल) तेच. पोलिसांनी पाठवली म्हणजे मंजूर झाली नाही, कोर्टाचा आदेश हवा.

चहाटळ: आमदाराला खटले निवडणुकीच्या शपथपत्रात लिहिले की पुरे, शिपायाला मात्र दंडाची पावती नडते. वा!

रोखठोक: आले नेते! अजून कसे आले नव्हते? असो. नुसत्या जुगाराच्या दंडावर नाकारू नये, चला, दिलं तुम्हाला. पण विचारलेलं लिहिलं नसेल तर घरी बसा.

कायदेकानू: उपकार झाले. ‘विचारलेलं’ म्हणालात ते लक्षात ठेवा. प्रश्न मोघम असेल तर लपवल्याचा ठपका टिकत नाही, हेही अवतार सिंगमध्येच आहे. म्हणून भरलेल्या नमुन्याची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा.