गणित येते, पण इंग्रजीतले शाब्दिक उदाहरण अडते

पालक, मानेवाडा, नागपूर:
माझी मुलगी सेमी इंग्रजीच्या पाचवीत आहे. पाढे तोंडपाठ आहेत, भागाकारही चुकत नाही. पण ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ वाचून तिने वहीत 5 – 12 असे मांडले आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसली. तिला गणिताची शिकवणी लावावी की इंग्रजीची?

निवृत्त शिक्षिका:
ताई, तूर्तास दोन्ही नको. मराठीत आपण ‘12 पेक्षा 5 ने कमी’ म्हणतो, त्यामुळे आकडे मांडणीच्याच क्रमाने येतात. इंग्रजीत तो क्रम उलटतो, आणि मूल शब्द जसे येतील तसे लिहीत जाते. ‘थर्ड’चेही तसेच: तिसरा आणि एक तृतीयांश, दोन्हींसाठी एकच शब्द. तिला उदाहरण आधी मराठीत सांगू द्या, चित्र काढू द्या, मग तेच वाक्य इंग्रजीत म्हणू द्या. आकडेमोड येणाऱ्या मुलीला गणितात कच्ची ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

एक शिक्षक, कामठी:
सहमत आहे. मात्र भाषा अडते म्हणून सोपी उदाहरणे देऊ नयेत, कारण त्याने अंतर वाढतच जाते. उदाहरण तेवढेच कठीण ठेवून आधार भाषेचा द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ही किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हणते.

पालक, मानेवाडा:
आभारी आहे. काल तिने 12 बोरे मांडली, 5 उचलली आणि स्वतःच मांडणी खोडून 12 – 5 लिहिले.