खान्देशच्या उन्हात रीफ टँक की प्लांटेड टँक? देखभाल खरंच सारखी आहे का?

मेहरूणकाठ (जळगाव)
परवा मत्स्यप्रेमी मंडळी जमली होती. विषय होता रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक, आणि प्लांटेड, म्हणजे गोड्या पाण्यातला झाडांचा टँक. एकाने छातीठोकपणे सांगितलं, "रीफ काय नि प्लांटेड काय, मेहनत सारखीच." मला हे अजिबात पटलेलं नाही. नव्या पोरांना असं सांगून त्यांच्या हातात खाऱ्या पाण्याचा टँक देणं मला चूक वाटतं.

पुण्या-मुंबईचं सोडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास खेळतो. प्रवाळाला पाणी लागतं 25-26 अंशांचं. 30 च्या वर काही दिवस राहिलं की ते आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणजे पाणी थंड ठेवणारा चिलर आला, त्याच्यामागे वीजबिल आलं आणि लाइट जाते म्हणून इन्व्हर्टरही आला. वर चिलर टँकमधली उष्णता त्याच खोलीत फेकतो. शिवाय क्षारता (मिठाचं प्रमाण), अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद), कॅल्शियम सगळं मोजत राहायचं. अल्कलिनिटी एकदम वरखाली झाली की कडक प्रवाळांची टोकं जळतात.

प्लांटेडमध्ये पाणी 29 वर गेलं तर शेवाळ वाढतं, काही झाडं सुस्तावतात. पण अनुबियास, जावा फर्न तग धरतात. देखभाल म्हणजे किती तास हात ओले केले एवढंच नाही, चुकीला माफी किती आहे हेही बघायला हवं.

जंक्शन (भुसावळ)
दादा, तुलना बरोबरीच्यांत करा. तुम्ही साध्या झाडांचा टँक आणि महागड्या प्रवाळांचा टँक समोरासमोर ठेवलाय. लाल रोटाला, खाली मोंटे कार्लोचा गालिचा, झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर असा टँक घ्या. त्यात रोज खत, आठवड्याला छाटणी, आणि खतांचा साठा होऊ नये म्हणून दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं. सीओटू जरा कमी-जास्त झाला की पानांच्या कडेला काळं दाढीसारखं शेवाळ धरतं आणि ते खरवडूनही निघत नाही.

माझा रीफ 200 लिटरचा. आठवड्याला दहा टक्के बदलतो, म्हणजे महिन्याला 80 लिटर. तेवढ्याच प्लांटेडला 400 लागतील. उन्हाळ्यात जिथे नळ चार-चार दिवसांनी येतो तिथे हा फरक मोठा आहे.

उष्णतेचं म्हणाल तर आपली हवा कोरडी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन छोटे पंखे लावले की तीन-चार अंश उतरतात. आपल्याकडे कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याच कारणाने. दुपारी एसी लावला तर चिलरशिवाय निभतं. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ लावलाय, तो गोडं पाणी आपोआप भरतो. राहिलं काय? पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या स्किमरचा कप धुणं. त्यातला तपकिरी काढा नाक धरायला लावतो हे खरं, पण पाच मिनिटांचं काम.

मेहरूणकाठ (जळगाव)
हिशोब अर्धाच मांडलात, भाऊ. तुमचं पाणी आरओचं. टॉप-ऑफलाही आरओच लागतं, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार भरत राहिलात तर टँकमध्ये साठत जातील. पंखे लावून मे महिन्यात रोज पाच लिटर उडालं तरी महिन्याला 150. वर तुमचे 80. झाले 230. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. म्हणजे 460 ते 690 लिटर नुसतं वाया. हे धरलं की पाण्याची बचत कुठे राहिली?

केळीबाग (रावेर)
पाणी किती लागतं यावर दोघं बोलताय. वापरलेलं पाणी जातं कुठे, हे कोणी विचारत नाही.

प्लांटेडमधून काढलेल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश असतं. आमच्याकडे ते थेट कढीपत्त्याला आणि जास्वंदीला जातं. एक थेंब मोरीत जात नाही. रीफच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ. वीस लिटरच्या बादलीत 700 ग्रॅम! केळी तर क्षाराला फार नाजूक. पाणी थोडं खारट झालं की पानांच्या कडा करपतात, आणि आमची काळी माती निचऱ्याला आधीच जड. गावाकडे बऱ्याच घरांना शोषखड्डा असतो. तुम्ही आठवड्याला 20 लिटर खारं पाणी त्यात सोडाल तर ते शेवटी शेजारच्याच बोअरकडे जाणार. मुंबईत समुद्र जवळ आहे. आपल्यापासून तो शेकडो किलोमीटर लांब.

मी छंदाच्या विरोधात नाही. पण ज्या पट्ट्यात माणूस थेंबाथेंबाने ठिबक करतो, तिथे हे पाणी मला खटकतं.

पांझरा (धुळे)
राम राम बठ्ठासले. एक गोष्ट कोणी बोललं नाही, ती आधी स्पष्ट असावी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, 2001 साली कडक सांगाड्याची सगळी प्रवाळं, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, आली. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा. दुकानदार "फ्रॅग (प्रवाळाचा तोडलेला तुकडा) आहे, चालतो" म्हणाला तरी आपण डोळे मिटून घेऊ नये.

कडक प्रवाळं ठेवायचीच नाहीत म्हटलं की देखभालीचा हिशोबही बदलतो. कॅल्शियम-अल्कलिनिटीचं रोजचं डोसिंग मुख्यतः कडक प्रवाळांसाठी असतं, कारण ती सांगाडा बांधतात. मशरूम, झोअँथिड अशी मऊ प्रवाळं ठेवली तर नियमित पाणी बदलल्यावर बहुतेक भागतं. मेहरूणकाठ दादांनी जळणाऱ्या टोकांची भीती दाखवली ती त्या टँकला लागूच नाही.

जंक्शन (भुसावळ)
अगदी हेच म्हणतोय. माझ्याकडे फक्त मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी. केळीबाग दादा, तुमचा मुद्दा मानतो. शोषखड्ड्याच्या घरात रीफ नको. माझं पाणी शहराच्या गटारीत जातं, झाडाखाली कधीच नाही.

पण प्लांटेडला चुकीची माफी जास्त, हे सरसकट खरं नाही. रात्री झाडंही ऑक्सिजन ओढतात आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. गच्च झाडांच्या टँकमध्ये मे महिन्यात रात्रभर लाइट गेली तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. बॅटरीचा एअर पंप दोघांनाही हवाच.

सातपुडा (नंदुरबार)
माझ्याकडे सीओटू नाही, आरओ नाही, चिलर नाही. बोअरचं कडक पाणी आहे. ज्या पाण्याला सगळे नावं ठेवतात त्यातच व्हॅलिस्नेरिया मजेत वाढते, कारण ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकते. तळाशी बागेतली माती, वर काळ्या दगडाची बारीक खडी. दिवा सहा तास. क्रिप्टोकोरीन लावल्यावर सुरुवातीला तिची पानं विरघळतात, तेव्हा लोक घाबरून उपटून टाकतात. मुळं राहू द्या, नवी पानं येतात.

आमच्याकडे वैशाखात लग्नांचा धडाका असतो, घर आठ-आठ दिवस बंद. मी फक्त दिव्याला टायमर लावून जाते. मोठ्या माशांना तेवढा उपास सोसतो. जंक्शन दादांच्या टॉप-ऑफची टाकी आठ दिवसांत किती वेळा भरावी लागेल? आणि ती भरायला शेजारच्या काकूंना कसं सांगायचं, की मिठाचं नाही, साधं आरओ ओता?

जंक्शन (भुसावळ)
ताई, टाकी 50 लिटरची ठेवतो, आठ दिवस पुरते. पण पंप अडकला तर काय, हा प्रश्न उरतो, आणि म्हणून गावाला जाताना मी भाच्याला रोज एक फोटो पाठवायला लावतो.

नवखा (चाळीसगाव)
माझ्याकडे 60 लिटरचा टँक पडून आहे. क्लाउनफिशची फार हौस आहे. भरू का?

मेहरूणकाठ (जळगाव)
नको. झाडं लाव. पाऊस पडेपर्यंत तरी.

जंक्शन (भुसावळ)
60 लिटरमध्ये नको, हे मीही म्हणेन. एवढ्याशा पाण्यातून दिवसाला दोन लिटर उडालं तरी क्षारता लगेच चढते. 150 लिटरच्या पुढचा टँक घे, ऑक्टोबरात सुरू कर, पहिले चार-सहा आठवडे अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासा घालू नकोस. मे येईपर्यंत टँक बसलेला असेल. आणि हौस असेल तर कर, खान्देशात होत नाही असं कोणी म्हणालं तर भुसावळला येऊन माझा बघून जा.