मॉरोविंड नव्या लॅपटॉपवर: मूळ प्रोग्राम दुरुस्त करावा की ओपनएमडब्ल्यू वापरावे?

गिरिकंदर

नमस्कार.

बेथेस्डाचा 'मॉरोविंड' (२००२) हा खेळ, 'ट्रायब्यूनल' आणि 'ब्लडमून' या दोन्ही विस्तारांसह, मला पुन्हा अगदी पहिल्यापासून, म्हणजे सेदा नीनच्या धक्क्यावर कैद्यांच्या जहाजातून उतरण्यापासून खेळायचा आहे. डिजिटल आवृत्ती विकत घेऊन ती विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवली आणि पूर्वी वापरत असलेली टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) व काही छोटे मॉड (खेळात भर घालणाऱ्या, चाहत्यांनी केलेल्या फाइली) जुन्या संगणकाच्या 'डेटा फाइल्स' फोल्डरमधून त्यात आणून टाकले. खेळ सुरू होतो, परंतु मनासारखा खेळता येत नाही.

लाँचरमध्ये रिझोल्यूशनची जी यादी येते तिच्यात रुंद पडद्याला जुळणारा एकही पर्याय नाही. विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीमध्ये रुंदी आणि उंची हाताने भरली, तर चित्र पडदाभर येते, पण वरचा आणि खालचा भाग कापल्यासारखा वाटतो आणि अक्षरे इतकी बारीक होतात की खेळातली रोजनिशी वाचणे नकोसे होते. विवेक शहरात शिरले की चित्र अडखळू लागते. ज्या खेळाला ५०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम ३ आणि ३२ एमबीचे ग्राफिक्स कार्ड किमान म्हणून चालत होते, तो आजच्या यंत्रावर का अडावा, हे मला उमगलेले नाही. शिवाय 'मॉरोविंड.आयएनआय' या सेटिंगच्या फाइलमध्ये केलेले बदल खेळ जुमानत नाही, सेव्ह केलेले खेळ आतून उघडतात पण 'सेव्ह्ज' फोल्डरमध्ये दिसत नाहीत, आणि आणून टाकलेल्या टेक्स्चरपैकी काही लागू झाली आहेत, तर काही मुळीच दिसत नाहीत.

मला खेळाला नवे रूप द्यायचे नाही. तो जसा होता तसाच, पण डोळ्यांना त्रास न होता खेळता यावा, एवढीच अपेक्षा आहे. अशा वेळी मूळ प्रोग्रामच ठाकठीक करून घ्यावा, की ओपनएमडब्ल्यू, म्हणजे हाच खेळ चालवणारा नव्याने लिहिलेला मुक्त प्रोग्राम, वापरावे?

अभ्रक

आपल्या तक्रारींतला शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही उपायाचा परिणाम आपल्याला खात्रीने तपासता येणार नाही.

मॉरोविंड ज्या काळात लिहिला गेला, त्या काळी प्रोग्रामने स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेव्ह आणि सेटिंग लिहिणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती. विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असे लिहिण्यास मज्जाव झाला, मात्र जुने प्रोग्राम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचे लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवते. आपल्या वापरकर्ता फोल्डरमध्ये 'ॲपडेटा', त्यात 'लोकल' आणि त्यात 'व्हर्च्युअलस्टोअर' असा फोल्डर उघडून पाहा. आपले सेव्ह तिथे सापडतील आणि बहुधा आयएनआय फाइलची दुसरी प्रतही तिथेच असेल. खेळ ती प्रत वाचतो आणि आपण मूळ फाइल बदलत राहता, म्हणून बदल लागू होत नाहीत. संपूर्ण खेळ 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर, ड्राइव्हवर थेट 'गेम्स' असा फोल्डर करून त्यात बसवला की हा घोळ मुळातूनच मिटतो. प्रत्येक वेळी 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' हा पर्याय अनेक जण सुचवतात, पण तो मला पटत नाही. खेळाला संपूर्ण यंत्राचे अधिकार देण्यापेक्षा त्याची जागा बदलणे कधीही बरे.

टेक्स्चरचा मामला जरा विचित्र आहे. मॉरोविंड फाइलींचा मान त्यांच्या तारखेवरून ठरवतो. मूळ टेक्स्चर आणि आकृत्या 'बीएसए' प्रकारच्या मोठ्या संग्रह-फाइलींमध्ये बांधलेल्या असतात, आणि आपण टाकलेली सुटी फाइल त्या संग्रहापेक्षा जुन्या तारखेची असेल तर खेळ सुटी फाइल बाजूला सारून संग्रहातली उचलतो. आपल्या संग्रह-फाइलींवर नव्याने बसवल्याची तारीख पडलेली असणार आणि जुन्या संगणकावरची टेक्स्चर त्याआधीची असणार. जी टेक्स्चर उघडून जतन करताना नव्या तारखेची झाली, तेवढीच दिसत आहेत. मॉडच्या 'ईएसपी' फाइलींचा क्रमही याच पद्धतीने, म्हणजे जुनी तारीख आधी आणि नवी तारीख नंतर, असा लागतो. त्यामुळे एका यंत्रावर सुरळीत चालणारा मॉडचा संच दुसऱ्या यंत्रावर नेल्यावर क्रम उलटापालटा होऊन बिघडू शकतो. 'ऱ्हाय मॅश' या साधनात संग्रहांच्या तारखा मागे नेण्याची सोय आहे. एवढे केले की टेक्स्चर जागेवर येतील.

शिलालेख

अभ्रक यांनी सांगितलेले आधी करावेच. त्यानंतर मूळ प्रोग्रामच वापरायचा असेल, तर दोन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली 'मॉरोविंड कोड पॅच'. बेथेस्डाने काढलेली खेळाची शेवटची आवृत्ती १.६.१८२०, तिच्यात राहून गेलेले, खेळ अचानक बंद पाडणारे आणि सेव्ह खराब करणारे कितीतरी दोष हा पॅच थेट मॉरोविंडच्या एक्झी फाइलमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मुख्य फाइलमध्ये, दुरुस्त करतो आणि मूळ फाइलची प्रत वेगळी राखून ठेवतो. बसवताना पर्यायांची लांबलचक यादी समोर येते. आपल्याला खेळ जसा होता तसा हवा आहे, त्यामुळे दोषदुरुस्तीचे पर्याय ठेवून खेळाचे नियम बदलणारे पर्याय शांतपणे वाचून वगळावेत. ही यादी घाईने पुढे ढकलू नये.

दुसरी 'एमजीई एक्सई'. मॉरोविंड डायरेक्टएक्स ८ या विंडोजच्या जुन्या चित्रण-यंत्रणेवर चालतो. एमजीई एक्सई खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये बसून ते काम डायरेक्टएक्स ९ वर नेते. रुंद पडद्याचे रिझोल्यूशन त्यातूनच निवडता येते, दृष्टीचा कोन वाढवता येतो आणि मेनूची अक्षरे मोठी करता येतात. वरचा-खालचा भाग कापला जाण्याचे कारण असे की मूळ खेळ आडवा कोन कायम धरतो आणि पडदा जितका रुंद तितका उभा कोन आकसून घेतो. कोन वाढवला की ती भरपाई होते. अक्षरे किंवा चित्र धूसर वाटले, तर एक्झी फाइलच्या गुणधर्मांमधील 'कम्पॅटिबिलिटी' या पानावर उच्च डीपीआयचे स्केलिंग प्रोग्रामकडे सोपवावे.

विवेकमधल्या अडखळण्यासाठी मात्र या मार्गाने फार मोठी आशा ठेवू नये. हा खेळ जवळजवळ सगळे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर करतो, बाकीचे कोअर रिकामे बसतात. विवेकच्या प्रचंड इमारतींमध्ये भिंत, कमान, कठडा, दिवा अशी प्रत्येक वस्तू चितारण्याची आज्ञा ग्राफिक्स कार्डला वेगळी द्यावी लागते, आणि त्या आज्ञा तयार करण्यातच तो एकटा कोअर थकतो. ग्राफिक्स कार्ड कितीही ताकदवान घेतले तरी ही रांग पुढे सरकत नाही.

वातायन

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, परंतु आपल्या गरजेसाठी मी निःसंशय ओपनएमडब्ल्यूची शिफारस करेन.

मॉरोविंडची दुनिया, म्हणजे व्हार्डेनफेल बेटाची भूमी, माणसे, संवाद, वस्तू, संगीत, हे सारे 'ईएसएम', 'बीएसए' आणि इतर डेटा फाइलींमध्ये आहे. एक्झी फाइल ती दुनिया वाचून चालवणारे यंत्र आहे. ओपनएमडब्ल्यूने २००८ पासून ते यंत्रच नव्याने, मुक्त परवान्याखाली लिहून काढले आहे. त्यात बेथेस्डाचा कोणताही मजकूर वा चित्र नाही, म्हणून खेळाची स्वतःची प्रत असावी लागते आणि ती आपल्याकडे आहे. ओपनएमडब्ल्यू ६४-बिट असल्याने मूळ खेळाची स्मृतीची मर्यादा त्याला आड येत नाही, आणि ते विंडोजप्रमाणेच लिनक्स व मॅकओएसवरही चालतो.

आपल्या बहुतेक तक्रारी इथे वेगळ्या उपायांशिवायच निकालात निघतात. सेव्ह आणि सेटिंग 'डॉक्युमेंट्स'मधील 'माय गेम्स' या फोल्डरमध्ये राहतात. सुटी फाइल संग्रहातल्या फाइलीवर नेहमीच मात करते, मग तिची तारीख कोणतीही असो. मॉडचा क्रम तारखेवर नव्हे, तर आपण लाँचरमध्ये लावाल त्या यादीवर ठरतो. त्याहून मोलाची सोय म्हणजे प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरचा पत्ता तेवढा यादीत घालता येतो, त्यामुळे मूळ 'डेटा फाइल्स'ला हातही लावावा लागत नाही आणि एखादा मॉड नकोसा झाला तर ओळ काढून टाकली की पुरे. दृष्टीचा कोन इथे उभा मोजतात, त्यामुळे पडदा रुंद झाला की बाजूंना जास्त दिसते, वरचे-खालचे काही जात नाही. अक्षरांसाठी 'स्केलिंग फॅक्टर' १.५ किंवा २ ठेवून पाहा.

मर्यादा दोन आहेत. 'एमडब्ल्यूएसई' या स्क्रिप्ट विस्तारकावर अवलंबून असलेले मॉड ओपनएमडब्ल्यूवर चालत नाहीत. आपले मॉड कुठले आहेत ते आधी तपासावे. तसेच ओपनएमडब्ल्यूमध्ये केलेले सेव्ह मूळ खेळ उघडू शकत नाही, म्हणून अर्ध्या वाटेवर परत फिरण्याचा विचार ठेवू नये. आपण नव्याने सुरुवात करत आहात, त्यामुळे निवड करण्याची हीच योग्य वेळ आहे.

गिरिकंदर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सेव्ह आणि आयएनआयची दुसरी प्रत, दोन्ही सापडले. खेळ बाहेरच्या फोल्डरमध्ये हलवला आणि माझे मॉड साधे, एमडब्ल्यूएसई न लागणारे असल्यामुळे ओपनएमडब्ल्यू बसवले. टेक्स्चर सगळी दिसू लागली, अक्षरे वाचण्याजोगी झाली आणि विवेकमधली अडखळ बरीच कमी झाली.

आता एक निर्णय उरला आहे. लाँचरमध्ये दूरवरचा भूभाग दाखवण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर बेट अतिशय देखणे दिसते, पण मूळचा अनुभव बदलतो की काय अशी शंका येते. आपण काय करता?

शिलालेख

मी तो बंद ठेवतो, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्यालाही तेच सांगतो.

या खेळात नकाशावर कामाचे ठिकाण दाखवणारा बाण नसतो. कुठे जायचे ते माणसे तोंडी सांगतात आणि रोजनिशीत तेवढेच उतरते. बालमोरामध्ये हासफात अंताबोलिस आर्कन्गथँडच्या अवशेषांतून ड्वेमर या लुप्त झालेल्या जमातीची पेटी आणायला सांगतो तो प्रसंग आठवा. बालमोरातून बाहेर पडायचे, मूनमॉथ किल्ला गाठायचा, फोयादा ममाएआच्या खोल घळीवरचा जुना ड्वेमर पूल शोधून ओलांडायचा, आणि पलीकडे गेल्यावरही दार बंद. जवळच्या नळावरची चक्री फिरवली की मगच ते गोल दार सरकते. धुक्यात ही वाट चालताना आपण पाट्या वाचतो, सांगितलेले शब्द मनात घोळवतो, चुकतो, मागे येतो. दूरचे दृश्य चालू असले की पुलापलीकडचे अवशेष कितीतरी आधी नजरेस पडतात आणि माणूस रस्ता सोडून सरळ तिकडे चालू लागतो. व्हार्डेनफेल आकाराने फार मोठे नाही. ते मोठे वाटते याचे बरेचसे श्रेय त्या धुक्याला आहे.

वातायन

शिलालेख यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरी मी थोडे दूरचे दृश्य ठेवतो, कारण राखेच्या प्रदेशातून तांबड्या पर्वताचा उतार वर चढत गेलेला पाहणे मला सोडवत नाही. दोन्हींच्या मधली सोय अशी.

ओपनएमडब्ल्यूमध्ये दृष्टीचे अंतर मुळात ७१६८ एकके असते. खेळाची भूमी ८१९२ एककांच्या चौकोनी सेलमध्ये विभागलेली आहे, म्हणजे मूळ अंतर एका सेलच्या आतच संपते. दूरचा भूभाग बंद असताना हा आकडा वाढवू नये. आपल्याभोवतीचे मोजकेच सेल तेव्हा स्मृतीत असतात आणि त्यापुढे जमीन एकाएकी तुटलेली दिसते. भूभागाचा पर्याय चालू करून अंतर दीड-दोन सेलइतकेच, म्हणजे साधारण १२,००० ते १६,००० एकके ठेवले, तर धुके राहते, पुढची टेकडी ओळखता येते आणि पलीकडचे गाव झाकलेले राहते. विवेकमध्ये पुन्हा अडखळ जाणवली, तर सर्वप्रथम हाच आकडा खाली आणा; बाकीच्या सेटिंगना त्यानंतर हात लावा.