प्रति: 'रनअवेज'च्या आधीही बायका वाजवत होत्या

वर मुलींच्या रॉक बँडची चर्चा अमेरिकेतल्या 'रनअवेज' या मुलींच्या बँडपासून, म्हणजे 1975 पासून सुरू झाली आहे आणि त्याआधी मुली फक्त गायच्या, वाद्यं पुरुषच वाजवायचे, असा सूर दिसतो. हे मला अजिबात पटत नाही.

न्यूयॉर्कच्या 'गोल्डी अँड द जिंजरब्रेड्स' या बँडच्या मुली 1962 पासून स्वतः वाजवत होत्या. ड्रम्सवर जिंजर बियांको, ऑर्गनवर मार्गो लुईस. 1965 मध्ये 'कान्ट यू हिअर माय हार्टबीट' त्यांनी इंग्लंडमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पंचवीसपर्यंत नेलं, पण अमेरिकेत तेच गाणं 'हर्मन्स हर्मिट्स' या इंग्लिश मुलांच्या बँडने गाजवलं. दैव देतं नि कर्म नेतं, दुसरं काय! लिव्हरपूलच्या 'लिव्हरबर्ड्स' या मुलींच्या बँडने तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा स्टार-क्लब हा नाइटक्लब दणाणून सोडला होता.

पण माझा खरा जीव मिशिगनच्या 'लव्ह्ड वन्स' या मुलींच्या बँडवर. शार व्हिनेज ही त्यांची लीड गिटारिस्ट, गाणीही तीच लिहायची. शिकागोच्या डनविच या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. त्यांचं 'अप डाउन सू' हेडफोन लावून ऐका. तिची फझ (आवाज मुद्दाम खरखरीत करणारं उपकरण) लावलेली गिटार घुमत, गुरगुरत राहते. गोड, लाजरं असं त्यात काहीच नाही. पुढे 1971 मध्ये प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर बेस गिटार वाजवणाऱ्या बिली कॉक्स याने आपल्या 'नायट्रो फंक्शन' बँडसाठी गिटारवर तिलाच घेतलं. एवढ्या ताकदीच्या बाईचं नाव रॉकच्या इतिहासात शोधावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

डेट्रॉइटचा 'प्लेझर सीकर्स' हा मुलींचा बँडही ऐकाच. पुढे बेस वाजवत गाणारी रॉक स्टार झालेली सूझी क्वात्रो तिथूनच आली.