मदत हवी आहे: इंग्रजी 'क्रोक'साठी घोगरं आणि अशुभ, दोन्ही सांगणारं क्रियापद

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या आमच्या नाट्यवाचन गटासाठी शेक्सपियरच्या 'मॅकबेथ' नाटकातले काही प्रवेश मराठीत करून राहिलो आहे. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात अडलोय. डंकन राजा आज रात्री मुक्कामाला येतोय अशी वर्दी देऊन निरोप्या जातो, आणि लेडी मॅकबेथ म्हणते की या घातकी आगमनाची हाळी देणाऱ्या रेव्हनचाही (कावळ्याच्या जातीतला मोठा काळा पक्षी) घसा बसलाय. तिथलं क्रियापद 'क्रोक'.

हा शब्द आवाजाच्या नकलेतून आलाय. जुन्या इंग्रजीतलं त्याचं पूर्वरूपही रेव्हनच्याच ओरडण्यासाठी होतं. बेडकाचं डराव डराव, माणसाचं घोगरं बोलणं आणि वाईटाचं भाकीत करणं, हे सगळं याच एका शब्दात बसतं. गटातल्या मुलांनी मोबाइलवर पाहून 'मरणे' हा अर्थ सुचवला. पण ती बोलभाषा एकोणिसाव्या शतकातली आणि नाटक साधारण 1606 चं, म्हणून तो इथे चालणार नाही.

खरी अडचण कावळ्याची आहे. रेव्हन आपल्या डोमकावळ्याहून मोठा, पण मंचावर 'डोमकावळा' चालेल. मात्र आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार! ज्ञानेश्वरांच्या विराणीतला काऊ 'कोकताहे', तो शुभ शकुनच सांगतो. इथेही पाहुणाच येतोय, म्हणून 'कोकतो' फार मोहात पाडतं. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याने आनंद उभा राहील, आणि या बाईच्या मनात तर पाहुण्याचा खून आहे.

टिटवी अशुभ खरी, पण तिचा आवाज टोकदार, त्यात बसलेला घसा नाही. 'घरघरतो' अर्थाने सगळ्यात जवळचं, कारण शेवटची घरघर आपण म्हणतोच. पण पक्ष्याच्या तोंडी ते यंत्रासारखं वाटतं.

सध्या ओळ अशी आहे:

"डोमकावळ्याचाही घसा बसलाय, माझ्या तटाखाली डंकनचं मरण येतंय असं ओरडून ओरडून."

'ओरडून'मध्ये काहीच दम नाही जी. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत डोमकावळ्याच्या त्या जड, खरखरीत ओरडण्याला वेगळं क्रियापद आहे का? भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मंडळींनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगितलं तर फार बरं होईल. शब्द मोठ्याने म्हणायचा आहे, म्हणून कुठल्या गावात तो कसा उच्चारतात तेही लिहा.