भुयारी रेल्वेला भुयारच नव्हतं?

मंजिरी_दांडियाबाजार
लेकीला शाळेत प्रोजेक्ट आलंय, अमेरिकेतले गुलाम पळून जायचे त्या 'अंडरग्राउंड रेलरोड'वर. बुटांच्या खोक्याचा बोगदा झाला, बडोद्याच्या कमाटीबागेतल्या छोट्या गाडीसारखी रंगीत गाडीही झाली. काल बाई म्हणाल्या, रूळच नव्हते! मग रेल्वे कशाला म्हणायचं? गोधड्यांवर वाटेच्या खुणा असायच्या असंही वाचलं, सासूबाईंनी चिंध्या काढून ठेवल्यात. परवा द्यायचंय हो.

प्रतापनगरचा_गार्ड
ताई, बाई बरोबर सांगतात. रात्री रानातून, दलदलीतून चालायचं, दिवसा कुणाच्या माळ्यावर नाहीतर कोठारात दडायचं. रेल्वे तेव्हा नवी नवलाई, म्हणून बोली तिची. आसरा देणारं घर म्हणजे स्टेशन, पळणारा तो प्रवासी, वाट दाखवणारा कंडक्टर. आपल्याला कंडक्टर म्हटलं की एसटी आठवते, पण अमेरिकेत आगगाडीच्या गार्डलाच कंडक्टर म्हणतात. म्हणजे त्यांची नावाजलेली कंडक्टर हॅरिएट टबमन आमच्याच खात्यातली! १८४९ मध्ये मेरीलँडमधून स्वतः सुटली आणि पुन्हा तेराएक वेळा तिथेच जाऊन ७० च्या आसपास माणसं काढली. निघायची शनिवारी रात्री, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारशिवाय छापून येत नसे. १८५० च्या पळालेल्या गुलामांविषयीच्या कायद्यानंतर गुलामी नसलेल्या उत्तरेतूनही धरून नेऊ लागले, मग गाडी थेट कॅनडापर्यंत.

पण मला जवळचा वाटतो फिलाडेल्फियाचा विल्यम स्टिल, तिथल्या गुलामीविरोधी संस्थेचा कारकून. मी ३२ वर्षं रफ जर्नल भरलं, गाडी कुठे किती मिनिटं खोळंबली ते. चोरून चालणाऱ्या गाडीचं जर्नल कोण लिहील? यानं लिहिलं. जुनं नाव, नवं नाव, वय, मागे कोण राहिलं. १८५० मध्ये एक माणूस त्याच्या कचेरीत आईचा ठावठिकाणा विचारत आला. चाळीसेक वर्षांपूर्वी ती दोन मुलांना मागे ठेवून पळाली होती. तो सांगत गेला नि स्टिलच्या ध्यानात आलं, हा तर आपला सख्खा भाऊ, जन्मात न पाहिलेला. तेव्हापासून त्यानं नोंदी आणखी बारकाईनं ठेवल्या, लपवल्या आणि १८७२ मध्ये छापल्या.

गोधडीचं राहू द्या, त्याला धड पुरावा नाही.

अनघा_क
आणि १८७३ मध्ये जोतीरावांची 'गुलामगिरी' आली, अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांनाच अर्पण केलेली! प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर लावा.

मंजिरी_दांडियाबाजार
लावते. काका, पण बोगद्याचं काय करू? रंग देऊन दोन दिवस झालेत, फेकला तर घरात रडारड.

प्रतापनगरचा_गार्ड
फेकता कशाला? दोन्ही तोंडं बंद करा. हेन्री ब्राउन नावाचा गुलाम १८४९ मध्ये लाकडी खोक्यात बसून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून आला. जेमतेम ३ फुटी खोकं, २७ तास. 'ही बाजू वर' लिहिलं होतं, तरी हमालांनी मध्येच उलटं ठेवलं आणि बिचारा डोक्यावर! (पार्सलवाले तिकडेही तसेच.) उघडलं तेव्हा स्टिल तिथे हजर होता. या प्रवासात खरी आगगाडीही होती, म्हणजे तुमची रंगीत गाडी वाया जात नाही. झाकणाला भोकं पाडायला विसरू नका, त्यानं श्वासासाठी पाडली होती.

मंजिरी_दांडियाबाजार
पाडली. लेक आता आत बाहुली उलटी ठेवून बसलीये.